ठिपक्यांचे नारिंगी फुलपाखरू : फ्रिटिलरी की कॉमन लेपर्ड, हे ठरवायचे कसे?

पावसाळा ओसरू लागला की माळावर, बागेच्या कडेला किंवा घाणेरीच्या फुलांवर एक मध्यम आकाराचे नारिंगी फुलपाखरू हमखास दिसते. त्याच्या पंखांवर काळ्या ठिपक्यांची गर्दी असते, ते क्षणभरही स्वस्थ बसत नाही आणि आपण छायाचित्र घ्यायला गेलो की नेमके पुढच्या फुलावर जाते. घरी येऊन चित्रे चाळली की ‘फ्रिटिलरी’ नावाच्या फुलपाखरांशी त्याचे साम्य दिसते, आणि ‘इंडियन फ्रिटिलरी दिसले’ अशी नोंद होऊन जाते. ही चूक मीही केली आहे. महाबळेश्वरच्या वाटेवर टिपलेल्या एका छायाचित्राला मी कितीतरी दिवस चुकीचे नाव चिकटवून ठेवले होते. ते फुलपाखरू होते कॉमन लेपर्ड, म्हणजे शास्त्रीय भाषेत फॅलान्टा फॅलान्था. आपल्या मैदानी मुलखात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी दिसणारे ठिपकेदार नारिंगी फुलपाखरू बहुतेक वेळा हेच असते.

ही ओळख पटवण्यासाठी जो क्रम मला उपयोगी पडला, तो या लेखात सांगितला आहे. बहुतेक जण आधी पंखांची वरची बाजू पाहतात आणि तिथेच थांबतात. त्याऐवजी आधी ठिकाण पाहावे, मग पंखांची खालची बाजू पाहावी, त्यानंतर आसपासची झाडे पाहावीत, आणि वरच्या बाजूच्या नक्षीला शेवटचा मान द्यावा. वरची नक्षी सर्वांत आकर्षक असते हे खरे, पण नारिंगीवर काळे ठिपके ही रंगसंगती फुलपाखरांच्या जगात इतकी सर्रास आहे की केवळ तिच्यावर विसंबल्यास फसगत ठरलेली असते.

नावाविषयी थोडेसे

‘फ्रिटिलस’ हा लॅटिन शब्द फासे खुळखुळवून टाकण्याच्या डब्यासाठी वापरला जात असे. त्यावरून चौकटीचौकटींची नक्षी असलेल्या एका फुलझाडाला फ्रिटिलारिया हे नाव मिळाले आणि तशाच नक्षीच्या फुलपाखरांना फ्रिटिलरी. जपानी लोकांनी या फुलपाखरांना ‘ह्योमोन’ म्हणजे बिबट्याची नक्षी असे म्हटले. म्हणजे इंग्रजांनी ज्याला फाशांचा डबा म्हटले, त्याच नक्षीत जपान्यांना बिबट्या दिसला. आणि आपल्याकडच्या कॉमन लेपर्डला इंग्रजांनीही अखेर बिबट्याचेच नाव दिले. या गोंधळातून एवढेच लक्षात घ्यावे की सामान्य नावे नक्षीवरून पडतात, नात्यावरून नव्हे.

काटेकोर अर्थाने फ्रिटिलरी म्हणजे अर्गिनिस आणि तिच्या जवळच्या प्रजातींची (प्रजाती म्हणजे निकटच्या जातींचा गट) फुलपाखरे. भारतात त्यांतली बहुतेक हिमालयात आढळतात. दक्षिण भारतात पोचलेले एकच ठळक नाव म्हणजे इंडियन फ्रिटिलरी, शास्त्रीय नाव अर्गिनिस हायपरबियस. कॉमन लेपर्ड हे तिचे चुलत भावंड म्हणता येईल. त्याचे आणि तिचे उपकुल एक आहे, पण शाखा वेगळी.

पहिला प्रश्न : आपण उभे कुठे आहोत?

इंडियन फ्रिटिलरी ही थंड, उंच प्रदेशातली रहिवासी आहे. हिमालयाच्या रांगांत ती दिसते, आणि तिथून एकदम दक्षिणेला निलगिरी व पळणीच्या डोंगरांवरील गवताळ पठारांवर आणि श्रीलंकेच्या मध्यवर्ती उंच प्रदेशात. दक्षिण भारतातल्या उपजातीला कास्टेट्सी आणि श्रीलंकेतल्या उपजातीला टाप्रोबाना असे नाव आहे. मधल्या उष्ण मैदानांत ती वस्ती करत नाही. त्यामुळे उटीच्या वरच्या पठारावर ठिपकेदार नारिंगी फुलपाखरू दिसले, तर फ्रिटिलरीचा विचार जरूर करावा. पण पुण्यातली टेकडी, नागपूरजवळचे झुडपी जंगल किंवा गोव्यातली काजूची बाग असे ठिकाण असेल, तर कॉमन लेपर्डपासूनच सुरुवात करावी.

कॉमन लेपर्डचा पसारा मात्र फार मोठा आहे. आफ्रिकेपासून दक्षिण व आग्नेय आशियापर्यंत ते सापडते, आणि भारतात उघडे, उन्हाचे, झुडपी ठिकाण असेल तिथे ते सुखाने राहते. घनदाट, सावलीच्या जंगलात ते क्वचितच शिरते. जंगलाची कड, ओढ्याकाठची मोकळी जागा, शेताचे बांध आणि शहरातल्या बागा ही त्याची खरी घरे आहेत.

इंडियन फ्रिटिलरी पूर्वेकडे चीन, तैवान, जपान आणि इंडोनेशियापर्यंत पोचते, आणि तिची एक उपजाती ऑस्ट्रेलियात आहे. या दोन टोकांच्या कहाण्या इतक्या उलट आहेत की त्या सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जपानमध्ये हे फुलपाखरू एके काळी देशाच्या नैर्ऋत्येकडील उबदार भागांपुरते मर्यादित होते. गेल्या काही दशकांत ते उत्तरेकडे सरकत टोकियोच्या परिसरात सर्रास दिसू लागले. हवामान उबदार होत गेले हे एक कारण. दुसरे असे, की घरोघरी आणि रस्त्याकडेच्या वाफ्यांत लावलेली पॅन्सीची फुले तिच्या अळ्यांना आयते अन्न ठरली. नोकरीनिमित्त टोकियो-योकोहामाकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सज्जातल्या पॅन्सीच्या कुंडीत काळी, पाठीवर नारिंगी पट्टा असलेली काटेरी अळी दिसली, तर ती बहुधा हीच असते. ते काटे मऊ असतात आणि टोचत नाहीत, त्यामुळे तिला मारण्याचे काही कारण नाही.

ऑस्ट्रेलियात नेमके उलटे झाले. तिथली उपजाती आग्नेय क्वीन्सलंड आणि उत्तर न्यू साउथ वेल्सच्या किनारी पाणथळ जागांत वाढणाऱ्या एका रानटी व्हायोलावर, म्हणजे पॅन्सीच्याच कुलातल्या रोपावर, अवलंबून होती. या जागा शेती, वसाहती आणि पाण्याचा निचरा यांपायी आटत गेल्या. २००१ साली पोर्ट मॅक्वारीच्या परिसरात तिची शेवटची खात्रीलायक नोंद झाली, आणि आज ती तिथे अत्यंत संकटग्रस्त गणली जाते. जाती एकच, खाद्याचे कुलही एकच. पण एका देशात ते खाद्य कुंडीतून मिळाले आणि दुसऱ्या देशात दलदलीबरोबर नाहीसे झाले.

दुसरा प्रश्न : पंख मिटल्यावर काय दिसते?

खालची बाजू पाहायची तर फुलपाखरू पंख मिटून बसायला हवे, आणि कॉमन लेपर्डच्या बाबतीत तीच मोठी अडचण आहे. ते फुलावर बसल्यावरही पंख सतत हलवत राहते. त्याच्या मागे धावू नये. उन्हे चढल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, ज्या झुडपावर फुलपाखरे वारंवार परतत आहेत असे दिसेल, त्याच्यापासून दोन-तीन हातांवर सावली न पाडता उभे राहावे. ओलसर माती, ओढ्याचा काठ किंवा बैलगाडीच्या चाकोरीत साचलेला चिखल ही आणखी चांगली जागा आहे, कारण तिथे क्षार शोषायला आलेले नर बराच वेळ एकाच ठिकाणी रमतात आणि अधूनमधून पंख मिटतात. गुडघे टेकून, हालचाल न करता थांबण्याची तयारी हवी. उभ्याने वरून घेतलेली शंभर छायाचित्रे मांडीएवढ्या उंचीवरून घेतलेल्या एका छायाचित्राची बरोबरी करत नाहीत.

आता काय पाहावे, ते सांगतो. इंडियन फ्रिटिलरीच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला हिरवट-पिवळसर आणि रुपेरी तुकड्यांचे मोझॅक असते. रुपेरी ठिपके काळ्या रेघांनी बांधलेले असतात आणि उजेडात चमकतात. कॉमन लेपर्डच्या खालच्या बाजूला असे रुपेरी काहीही नसते. तिथे फिकट नारिंगी-पिवळसर पार्श्वभूमीवर पुसट नागमोडी खुणा असतात आणि त्यावर जांभळट झाक असते, जी कोरड्या हंगामातल्या फुलपाखरांत अधिक उठून दिसते. रुपेरी ठिपके आहेत की नाहीत, या एका प्रश्नाने बहुतेक वाद मिटतात. हिमालयात मात्र हा नियम पुरत नाही. तिथे रुपेरी खालच्या बाजूची फुलपाखरे अनेक आहेत : हिरव्या पार्श्वभूमीवर रुपेरी पट्टे असलेली सिल्व्हरस्ट्राइप, मोठाले रुपेरी ठिपके असलेली क्वीन ऑफ स्पेन, आणि इतरही. तिथे स्वतंत्र मार्गदर्शिका हाताशी ठेवावी.

वरची बाजू शेवटी पाहायची असली, तरी पंखांचा विषय निघालाच आहे तर तिच्या खुणाही इथेच सांगतो. कॉमन लेपर्डचा पंखविस्तार ५ ते ६ सेंटीमीटर असतो आणि नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात. इंडियन फ्रिटिलरी त्याहून बरीच मोठी असते, आणि तिच्यात नर व मादी वेगळ्या जातीचे वाटावेत इतका फरक असतो. नर नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा. मादीच्या पुढच्या पंखाचा टोकाकडचा भाग मात्र निळसर काळा असून त्यावर तिरपा पांढरा पट्टा असतो. उडताना ती थेट प्लेन टायगरसारखी दिसते. हे साम्य योगायोगाचे नाही. प्लेन टायगर रुईसारख्या चिकाच्या झाडांवर वाढते, बेचव असते आणि पक्षी तिला टाळतात. तिचे सोंग घेतलेली फ्रिटिलरीची मादी त्या धाकाचा फायदा उठवते. तेव्हा निलगिरीच्या पठारावर दिसलेली प्रत्येक प्लेन टायगर एकदा पंख मिटल्यावर तपासून पाहावी. मागच्या पंखाखाली रुपेरी मोझॅक निघाले, तर ती प्लेन टायगर नव्हे.

महाराष्ट्रात कॉमन लेपर्डशी गोंधळ होतो तो मुख्यतः टॉनी कॉस्टरचा. तीही नारिंगी आणि काळ्या ठिपक्यांची, पण तिचे उडणे संथ, अधांतरी तरंगल्यासारखे असते; मागच्या पंखाच्या काळ्या काठात पांढरे ठिपके ओवलेले असतात. कॉमन लेपर्डला असा काळा काठ नसतो, आणि संथपणा तर त्याच्या गावीही नाही. पेंटेड लेडीच्या पुढच्या पंखाच्या काळ्या टोकावर पांढरे ठिपके असतात, एवढी खूण तिच्यासाठी पुरते.

तिसरा प्रश्न : भोवती कोणती झाडे आहेत?

फुलपाखरू ज्या फुलावर बसते, त्यावरून त्याच्याविषयी फारसे काही कळत नाही, कारण मकरंद ते कुठूनही घेते. एकदांडीसारख्या क्षुद्र तणापासून बागेतल्या झिनियापर्यंत कॉमन लेपर्डला सगळे चालते. मादी अंडी कुठे घालते आणि अळी कोणते पान खाते, हे कळले तरच त्या फुलपाखराचे घर सापडले असे म्हणावे.

कॉमन लेपर्डचे मुख्य खाद्य म्हणजे तांबट. नाव ऐकून बहुतेकांना ‘टुक टुक’ करणारा पक्षी आठवेल, पण हे काटेरी झुडूप किंवा लहान झाड आहे, शास्त्रीय नाव फ्लाकूर्शिया इंडिका. कोरड्या पानझडी जंगलात, डोंगरउतारावर आणि माळाच्या कडेला ते वाढते. ओळखण्यासाठी तीन खुणा पुरतात. खोडावर आणि फांद्यांवर सरळ काटे असतात. पाने एकाआड एक, लंबगोल आणि दातेरी काठाची असतात. नवी पालवी तांबूस असते. फळे गोल, लहान बोराएवढी, पिकल्यावर गडद लाल-जांभळी होतात आणि आंबट-गोड लागतात. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात, म्हणून एखाद्या झाडाला कधीच फळ धरले नाही तरी ते तांबट असू शकते. याच प्रजातीतले जगम हे झाड गोव्यात आणि कोकणात फळासाठी परसात लावले जाते, आणि त्याच्या कोवळ्या पानांवरही कॉमन लेपर्डच्या अळ्या सापडतात.

शोध घ्यायचा तो कोवळ्या पालवीवर. जून पाने उलटीपालटी करण्यात वेळ घालवू नये. मादी तांबटाभोवती घुटमळताना दिसली, की ती कोणत्या शेंड्यावर टेकते ते पाहून ठेवावे आणि ती गेल्यावर तिथे जावे. अंडी एकेकटी, फिकट पिवळी आणि घुमटाच्या आकाराची असतात. साधे भिंग असले तर त्यांवरचे उभे कंगोरे दिसतात. अंड्यातून साधारण ३ दिवसांत अळी बाहेर पडते. वाढलेली अळी तपकिरी किंवा हिरवट, तुकतुकीत असते आणि अंगावर फांद्या फुटलेले काळे काटे असतात. तेही निरुपद्रवी असतात. कोष पानाच्या किंवा काटकीच्या खाली उलटा लटकतो. हिरव्या अंगावर लाल कडांचे रुपेरी ठिपके असलेला हा कोष पाहण्यासाठी दोन-तीन फेऱ्या वाया गेल्या तरी हरकत नाही. पूर्ण वाढलेल्या फुलपाखरात ज्या रुपेरी ठिपक्यांची उणीव म्हणून आपण ते ओळखले, ते त्याच्या कोषावर सापडतात, ही गंमत मला आजही जुनी वाटत नाही.

तांबट सापडले नाही तर नदीकाठचे वाळुंज पाहावे. वाळुंज म्हणजे आपल्याकडचा विलो. त्याच्या कोवळ्या पानांवरही कॉमन लेपर्ड अंडी घालते. जुन्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत तांबटाचे कुल फ्लाकूर्शिएसी होते आणि वाळुंजाचे सॅलिकेसी. एक काटेरी, रानातले, फळे देणारे झुडूप. दुसरे बिनकाट्याचे, पाण्याकाठचे, कापसासारखे बी उडवणारे झाड. या दोहोंत फुलपाखराला काय समान दिसले असेल, हा प्रश्न पडणे साहजिक होते. पुढे डीएनएच्या आधारे सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण नव्याने मांडले गेले, तेव्हा फ्लाकूर्शिएसी हे कुल मोडले आणि तांबट थेट वाळुंजाच्या कुलात, सॅलिकेसीत, जाऊन बसले. अळ्या पानातल्या रसायनांवरून झाड ओळखतात, काट्यांवरून किंवा फळांवरून नव्हे. त्यामुळे पुस्तके वेगळे सांगत होती तेव्हाही त्या दोन्ही झाडांना एकाच घरातली मानत होत्या.

इंडियन फ्रिटिलरीचे खाद्य म्हणजे व्हायोला, ज्यांतल्या एका जातीची वाळवलेली फुले काष्ठौषधीच्या दुकानात ‘बनफशा’ म्हणून मिळतात. डोंगरावरच्या गवतात जमिनीलगत वाढणाऱ्या या नाजूक रोपांच्या पानांवर किंवा त्यांच्या आसपास मादी अंडी घालते. म्हणून तिची मादी शोधायची तर नजर जमिनीकडे हवी : गवतात खाली खाली उडणारी, मधूनच चालत जाणारी मादी बहुधा व्हायोला शोधत असते.

वर्गीकरण वाचायचे कसे

वर्गीकरण ही पाठ करण्याची यादी आहे असा समज शाळेपासून झालेला असतो. खरे तर तो नात्यांचा कुळवृत्तांत आहे आणि खाद्यवनस्पती माहीत असल्या की तो सहज वाचता येतो. आपली दोन्ही फुलपाखरे कुंचलपाद कुलातली, म्हणजे निम्फॅलिडी. या कुलातल्या फुलपाखरांच्या पुढच्या पायांची जोडी आखूड, कुंचल्यासारखी असते. त्यामुळे बसलेले फुलपाखरू चार पायांचेच दिसते. जवळून छायाचित्र घेतले असेल तर पाय मोजून पाहावेत. त्या कुलातले हेलिकोनिनी हे उपकुल आपल्या कामाचे आहे. त्यात एक शाखा अर्गिनिनी, जिच्यात खऱ्या फ्रिटिलरी येतात. दुसरी व्हॅग्रँटिनी, जिच्यात कॉमन लेपर्ड येते. रस्टिक, व्हॅग्रंट, क्रूझर आणि तमिळ योमन ही फुलपाखरेही त्याच्याच शाखेतली आहेत.

आता यांच्या खाद्यवनस्पती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. फ्रिटिलरी व्हायोलावर. कॉमन लेपर्ड आणि रस्टिक तांबटावर. तमिळनाडूचे राज्य फुलपाखरू असलेले तमिळ योमन कडू कवठावर. टॉनी कॉस्टर कृष्णकमळाच्या वेलांवर आणि रतनपुरुषावर. रतनपुरुष ही आपल्या माळरानावरची, एकच मोठी गुलाबी-जांभळी पाकळी मिरवणारी चिमुकली वनस्पती व्हायोलाच्याच कुलातली आहे. पश्चिम घाटात आढळणारे स्मॉल लेपर्ड हे कॉमन लेपर्डचे सख्खे भावंड, पण त्याच्या अळ्या रिनोरिया या व्हायोलाच्याच कुलातल्या झाडावर वाढतात. वरवर पाहता ही यादी विस्कळीत वाटते. पण व्हायोला, वाळुंज, कृष्णकमळ आणि कडू कवठ यांची कुले वनस्पतींच्या एकाच गणात, माल्पिघिएलीस या गणात, एकमेकांच्या निकट येतात. म्हणजे हे सगळे उपकुल एका मोठ्या वनस्पती-घराण्याच्या अंगणात वाढले आहे. अनोळखी ठिकाणी या गटातल्या फुलपाखराची अळी शोधायची असेल, तर हे घराणे लक्षात ठेवावे. शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

शास्त्रीय नावाच्या शेवटी येणारा कंसही वाचायला शिकावे. कॉमन लेपर्डच्या नावापुढे कंसात ड्रुरी, १७७३ असे लिहितात. ड्रू ड्रुरी हा लंडनमधला चांदीकाम करणारा आणि कीटकसंग्राहक होता. त्याने या जातीचे वर्णन १७७३ साली केले, पण तेव्हा तिला पॅपिलिओ या सरसकट प्रजातीत ठेवले होते. नंतर तिची प्रजाती बदलली, म्हणून नाव कंसात गेले. प्रजाती तीच राहिली असती तर कंस आला नसता. इंडियन फ्रिटिलरीच्या नावापुढे लिनियस, १७६३ हेही कंसातच असते. तिची प्रजाती तर अलीकडेपर्यंत बदलत राहिली. जुन्या पुस्तकांत ती अर्गिरियस या स्वतंत्र प्रजातीत सापडेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने अशा अनेक लहान प्रजाती अर्गिनिसमध्ये सामावून घेतल्या. म्हणून दोन पुस्तकांत दोन नावे दिसली तर दोन फुलपाखरे आहेत असे समजू नये. नावाचा दुसरा शब्द आणि कंसातले नाव-साल जुळते का, ते पाहावे.

ओघात आले म्हणून सांगतो : याच उपकुलातल्या तमिळ लेसविंग या देखण्या फुलपाखराचे शास्त्रीय नाव सेथोसिया माहरट्टा असे आहे. इंग्रजीत तमिळ आणि लॅटिनमध्ये मराठा, अशी दुहेरी ओळख लाभलेले ते पश्चिम घाटातले फुलपाखरू आहे.

बागेत बोलवायचे असेल तर

पॅन्सीच्या कुंड्या लावून पुण्या-मुंबईत इंडियन फ्रिटिलरी येणार नाही, हे आधी स्वीकारावे. तिची वस्तीच जवळ नाही. शिवाय रोपवाटिकेतून आणलेल्या हंगामी फुलझाडांवर बहुधा कीटकनाशक फवारलेले असते आणि ते इतर अळ्यांचाही घात करते. कॉमन लेपर्ड मात्र हमखास बोलवता येते. त्यासाठी तांबटाचे किंवा जगमाचे एक झाड पुरते. स्थानिक जंगली झाडांच्या रोपवाटिकेत तांबट मिळते. पिकलेल्या फळातले ताजे बी धुऊन लावले तरी रोप होते. कुंडीत लावायचे तर ती मोठी आणि दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवावी. लहान मुलांची ये-जा असेल तिथे काट्यांचा विचार करावा.

झाड रुजले की एकच गोष्ट महत्त्वाची : त्याला सतत कोवळी पालवी असली पाहिजे. त्यासाठी उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळा संपताना शेंडे छाटावेत, पण सगळे एकदम नव्हे. निम्मे झाड छाटून पंधरा-वीस दिवसांनी उरलेले छाटावे. पालवी खाल्लेली दिसली की घाबरून औषध मारण्याचा मोह होतो, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना. त्यांना आधीच सांगून ठेवावे की झाड खाण्यासाठीच लावले आहे. धष्टपुष्ट तांबटाचे त्याने काही बिघडत नाही. मकरंदासाठी घाणेरी लावू नये. तिच्यावर फुलपाखरे येतात हे खरे, पण ती रान गिळणारी परकी वनस्पती आहे आणि तिच्या बिया पक्षी दूरवर नेतात. झिनिया, पेंटास आणि कुंपणाशी आपोआप उगवलेली एकदांडी एवढे पुरेसे आहे.

अळ्या घरात वाढवून पाहायच्या असतील, तर त्या आपल्या बागेतल्या किंवा परवानगी असलेल्या जागेतल्याच घ्याव्यात. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलू नये. जाळीच्या झाकणाचा डबा, तळाशी टिपकागद आणि रोज ताजी कोवळी डहाळी एवढेच साहित्य लागते. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवली तर बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळ्या आत पडून बुडतात. विष्ठा रोज काढावी. ओलावा साचला की बुरशी येते. एका डब्यात तीन-चारपेक्षा जास्त अळ्या नकोत. साधारण दोन आठवड्यांत अळी खाणे सोडते, इकडेतिकडे फिरते आणि काटकीला उलटी लटकते. यानंतर डबा हलवू नये. काही कोषांतून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या किंवा माशी बाहेर येईल. त्या अळीवर जगणाऱ्या परजीवी आहेत आणि त्यांचीही तारखेसह नोंद ठेवावी, कारण अशा नोंदी फुलपाखरांच्या नोंदींपेक्षा दुर्मीळ असतात.

नोंद करताना पंखांच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, तारीख, ठिकाण, अंदाजे उंची आणि अंडी किंवा अळी सापडली असल्यास झाडाच्या पानाचे, काट्याचे व फळाचे छायाचित्र घ्यावे. ‘एका झुडपावर सापडली’ या नोंदीचा कुणालाच उपयोग होत नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राशी निगडित ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर आणि आयनॅचरलिस्टवर अशी माहिती देता येते, आणि चुकीची ओळख तिथे इतर निरीक्षक दुरुस्तही करतात.

कोष धरल्यापासून आठवडाभराने त्याचा रंग गडद होतो आणि आतल्या पंखांवरचे ठिपके पारदर्शक भिंतीतून दिसू लागतात. त्यानंतर बहुधा सकाळच्या वेळी फुलपाखरू बाहेर येते. त्याच्याखाली टिपकागदावर तांबूस थेंब पडलेले दिसतील. ते रक्त नव्हे, कोषातल्या काळात साठलेला मळ असतो. पंख सुकायला तास-दोन तास लागतात. तोवर झाकण उघडू नये, बोट लावू नये. मग डबा उन्हात, तांबटाजवळ नेऊन झाकण काढावे आणि जरा मागे सरावे.